मराठी डीटीपी आणि छोट्या प्रकाशनासाठी विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं की ओपन सोर्स?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावी डीटीपी (कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी) आणि छोट्या प्रकाशनाचं काम सुरू करताय, मित्र म्हणतो सगळं ओपन सोर्स (ज्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुणालाही बघता आणि बदलता येतो ते सॉफ्टवेअर) टाक, ओळखीचा प्रेसवाला म्हणतो धंद्यात विकतचंच चालतं, परवडत नसेल तर क्रॅक मारून, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, घे, तर दोघांपैकी कुणाचं ऐकू. मी बरीच वर्षं मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करतोय आणि दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअर रोज हाताखाली असतात. उत्तर थोडं लांब होईल.

माझं मत आधीच सांगतो. पानं लावायला काय वापरायचं हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न हा की तुमचा मजकूर कशात साठवला जाणार आणि वीस वर्षांनी तो कुणाच्या परवानगीशिवाय उघडणार का. इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा प्रश्न एवढा टोचत नाही, मराठीला मात्र याचा फार मोठा फटका बसलाय आणि अजून बसतोय.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर मराठी आणायची म्हणजे फॉन्टची एक जुगत होती. सॉफ्टवेअरला फक्त इंग्रजीची दोनशे-सव्वादोनशे अक्षरं कळायची, म्हणून फॉन्ट कंपन्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले, कुठे अर्धा स, कुठे रफार, कुठे मात्रा. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, फक्त त्या फॉन्टमुळे डोळ्यांना मराठी दिसायचा. त्या काळात हे काम करणाऱ्यांबद्दल मला खरंच आदर आहे, कारण तेव्हाची वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं सगळं त्याच्यावरच निघालं. पण प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या मर्जीने वेगवेगळ्या जागी ठेवले, त्यामुळे एका कंपनीच्या फॉन्टातला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात उघडला की सगळा कचरा, आणि फॉन्ट नसेल तर नुसती डॉलर, टक्के आणि डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली अक्षरं. वरून डोंगल, म्हणजे ते हार्डवेअर कुलूप कॉम्प्युटरच्या मागे लावल्याशिवाय फॉन्ट पॅकेज चालणारच नाही.

आमच्याकडे एक ज्येष्ठ लेखक त्यांच्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायला आले होते, सोबत सीडी, तीवर पहिल्या आवृत्तीच्या पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइल. फॉन्ट कुठलातरी, बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, डोंगल पॅरलल पोर्टचं आणि नवीन मशीनला पॅरलल पोर्ट असतोच कुठे. म्हणजे मजकूर लेखकाचा, टायपिंगचे पैसे त्यांनीच दिलेले, आणि तरी तो त्यांना वाचता येत नाही. शेवटी छापील पुस्तक स्कॅन केलं, टेसरॅक्ट नावाच्या ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढलं आणि ओळीन् ओळ प्रूफ वाचून दुरुस्त केलं. हे टेसरॅक्ट मूळचं एचपीच्या लॅबमधलं बंद सॉफ्टवेअर, 2005 मध्ये त्याचा सोर्स खुला झाला, पुढे गूगलने त्यावर काम केलं आणि आज त्यात मराठी आहे. खुलं झालं नसतं तर एचपीने तो विषय सोडला तेव्हाच संपलं असतं.

तुम्ही म्हणाल जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) बदलणारे कन्व्हर्टर असतात की. असतात, आम्हीही वापरतो, पण अडचण कुठे येते ते सांगतो, कारण तुमच्याकडे जुन्या फाइल घेऊन लोक येणारच. 'किती' मधली पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात क च्या आधी टाइप व्हायची कारण ती दिसते आधी, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने क नंतर साठवतात. रफाराचं उलटं, 'सूर्य' मधला र युनिकोडमध्ये य च्या आधी असतो आणि जुन्या फॉन्टात य झाल्यावर शेवटी डोक्यावर बसवलेला असतो. कन्व्हर्टरला हे सगळं पुढेमागे करावं लागतं, साध्या शब्दात जमतं, पण 'शक्ती', 'मूर्ती', 'दुसऱ्या' अशा ठिकाणी, किंवा जिथे ऑपरेटरने दिसायला बरं म्हणून वेगळाच तुकडा वापरलाय तिथे हमखास घोळ होतो. म्हणून रूपांतर केलेल्या मजकुराचं पूर्ण प्रूफ वाचायचे पैसे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आता गंमत अशी की देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 1991 पासून आहे, आणि विंडोजमध्ये 2000 च्या आवृत्तीपासून ती चालायला लागली. तरी मराठी प्रेसचा धंदा पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टातच अडकून राहिला, कारण सगळ्यांचा हात पेजमेकरवर बसलेला आणि पेजमेकरला युनिकोड मराठी कधी आलंच नाही. त्याची 7 नंबरची आवृत्ती 2001 मध्ये निघाली, ती शेवटची. मालक ॲडोबीने ठरवलं की आता पानं लावायला आपलं इनडिझाइन, संपला विषय. सोर्स खुला असता तर कुणीतरी त्यात मराठी घातलंही असतं. बंद सॉफ्टवेअरची माझ्या मते खरी अडचण ही आहे, किंमत नाही. ते कधी थांबणार आणि त्यात तुमची भाषा नीट चालणार की नाही हे ठरवणाऱ्या टेबलावर तुम्हाला खुर्ची नसते, आणि मराठी प्रकाशक म्हणजे त्या कंपन्यांसाठी किती छोटं गिऱ्हाइक हे तुम्हीच समजा.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या मित्राचंही सगळं खरं नाही. स्क्रायबस हे पानं लावायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि प्रेसला लागणारी पीडीएफ यात ते आधीपासून चांगलं, पण त्याच्या 1.4 च्या आवृत्तीत मराठी जोडाक्षरं धड जुळायची नाहीत. ते काम 1.5 च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये झालं आणि स्थिर म्हणून 1.6 आलं थेट 2024 च्या सुरुवातीला. त्याआधी मराठी पुस्तकाला स्क्रायबस वापर म्हणून कुणी सल्ला दिला असेल तर त्याने स्वतः मराठी पुस्तक लावलं नव्हतं एवढंच म्हणेन. इनडिझाइनमध्ये हे 2012 च्या सीएस6 पासून होतं, फक्त पॅराग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या इकडेतिकडे पळतात आणि लोक फॉन्टला शिव्या देतात. तीनशे पानांचं पुस्तक, तळटीपा, सूची, शेवटच्या क्षणी लेखकाने घुसवलेला परिच्छेद, हे सगळं इनडिझाइन ज्या सफाईने झेलतं तसं स्क्रायबस अजून झेलत नाही, मोठ्या फाइलला जड पडतं. आणि लग्नपत्रिका, फ्लेक्स यांचा धंदा तर कोरल या डिझाइनच्या विकतच्या सॉफ्टवेअरवरच चालतो, फ्लेक्सवाला रात्री दहाला फोन करून कोरलची फाइल मागतो, त्याला इंकस्केपचे, म्हणजे कोरलच्या ओपन सोर्स पर्यायाचे, गुण सांगत बसायला वेळ नसतो. इंकस्केप मराठी उत्तम दाखवतं हे खरं असूनही.

पण एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. मराठी अक्षरं एकमेकांशी जुळवून जोडाक्षर दाखवायचं काम हार्फबझ नावाची एक ओपन सोर्स लायब्ररी करते. ती फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे, लिब्रेऑफिस या वर्डसारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. इनडिझाइनमधलं स्पेलिंग तपासणारं हनस्पेलसुद्धा ओपन सोर्सच, तेच लिब्रेऑफिसला आहे. म्हणजे कुणी हार्फबझमधली देवनागरीची एक चूक दुरुस्त केली तर ती फुकट वापरणाऱ्या विद्यार्थ्यालाही मिळते आणि दर महिन्याला भाडं भरणाऱ्या स्टुडिओलाही. बंद सॉफ्टवेअरवाले या पायाचा सरळ फायदा घेतात, त्यात गैर काही नाही, परवाना तशी मुभा देतो, पण मग 'ओपन सोर्स धंद्यात चालत नाही' हे तुमच्या प्रेसवाल्याने म्हणू नये, त्याच्या मशीनवर ते रोज चालतंय.

फॉन्टचंही तसंच. पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी सांभाळलेला लोहित, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे 'मुक्त' आणि 'बालू', आयआयटी मुंबईचा शोभिका, हे सगळे ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, हजारो प्रतींचं विक्रीचं पुस्तक छापा, कुणाला विचारायला नको, फक्त फॉन्टच सुटा विकायचा नाही. पुस्तकाच्या मजकुराला मला शोभिका आवडतो, 'मुक्त' शीर्षकांना आणि फॉर्म, पत्रकांना छान. विकतच्या फॉन्टांमध्ये अजूनही काही असे सुंदर आहेत की त्यांना तोड नाही, ते घ्या, पण घेताना युनिकोड आवृत्तीच घ्या आणि पावती जपून ठेवा.

सुरक्षिततेवरून लोक फार भांडतात, त्यात मी लांब जाणार नाही. ओपन सोर्समध्ये 2014 मध्ये हार्टब्लीड नावाचं मोठं भगदाड सापडलं, 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम मागचं दार बसवलं, ते सापडलं कारण एका डेव्हलपरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय ते खटकलं आणि त्याला आत शिरून बघता आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने 85 लाख विंडोज मशीन आडवी केली. दोन्हीकडे माणसंच आहेत. फरक एवढाच की एकीकडे बाहेरच्या माणसाला तपासता येतं.

क्रॅकबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, नको. कॉपीराइट कायद्याच्या 63ब कलमात जाणूनबुजून चोरीची प्रत वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि तुम्ही धंद्यासाठी वापरणार म्हणजे सूट मिळायचीही आशा नाही. कायदा सोडा, क्रॅकसोबत काय काय येतं कुणाला माहीत, आणि तुमच्या मशीनवर लोकांची अप्रकाशित हस्तलिखितं असणार. मला याचं जास्त वाईट वाटतं की क्रॅकमुळे ओपन सोर्सचंच नुकसान होतं. इनडिझाइन 'फुकट' मिळतंय म्हटल्यावर स्क्रायबसमधली मराठीची अडचण कळवायला कोण बसेल? केरळमध्ये बघा, सरकारी शाळांमधलं कॉम्प्युटर शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आहे, स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंगसारख्या गटाने फॉन्टपासून सगळं स्वतः केलं, शिक्षकांना शिकवलं. उलट जर्मनीत म्युनिक महापालिकेने हजारो कॉम्प्युटर लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणाऱ्या ओपन सोर्स प्रणालीवर) नेले आणि 2017 मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. नुसतं सॉफ्टवेअर बसवून भागत नाही, ते सांभाळणारी माणसं आणि वरच्यांची इच्छा टिकावी लागते.

तर तुमच्या दुकानासाठी मी असं करेन. टायपिंगच्या मशीनना लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपलाय, जुन्या मशीन मिंटवर आरामात चालतील, मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही आहे. मजकूर ओडीटीमध्ये (लिब्रेऑफिसच्या खुल्या फाइल प्रकारात), युनिकोडमध्येच, जुन्या फॉन्टात एक ओळसुद्धा नवीन टाइप करायची नाही, गिऱ्हाइकाने मागितलं तरी. पानं लावायच्या एका मशीनवर इनडिझाइनचं भाडं भरा, 2013 पासून ॲडोबीने नवीन आवृत्त्यांसाठी एकदाच पैसे द्यायची सोय बंद केली, त्यामुळे ज्या महिन्यात भरणार नाही त्या महिन्यात तुमचीच फाइल तुम्हाला उघडता येणार नाही हे धरून चाला. म्हणून पुस्तक प्रेसला गेलं की त्याच दिवशी आयडीएमएल (इनडिझाइनची फाइल दुसरीकडे नेण्याचा प्रकार), पीडीएफ आणि शेवटच्या दुरुस्त्यांसकट मजकूर बाहेर काढून ठेवा. आयडीएमएल स्क्रायबसमध्ये येते, जशीच्या तशी नाही पण कामापुरती येते. एवढं भाडं झेपत नसेल आणि कामं कवितासंग्रह, स्मरणिका अशी छोटी असतील तर स्क्रायबस 1.6 पुरेल. लिब्रेऑफिसमधून थेट प्रेसला पीडीएफ देऊ नका, ती आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, निघते आणि काळा मजकूर चार रंगांत फुटू शकतो. हिशेबाला तुमच्या सीएकडे टॅली असेल तर टॅली घ्या, मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आणि चांगलं आहे पण एकट्याच्या दुकानाला ते फार होईल.

काहीही विकत घ्यायच्या किंवा बसवायच्या आधी एक पान करून बघा. त्यावर दुसऱ्या, वाऱ्यावर, र्‍हास, राष्ट्र, उद्ध्वस्त, वाङ्मय, शक्ती, मूर्ती, कर्तृत्व, क्लृप्ती, ॲड, ऑफिस हे सगळं तुमच्या फॉन्टात 11 पॉइंटला टाइप करा, भाषा मराठी लावा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात का तेही कळेल. त्याची पीडीएफ काढून तुमच्या प्रेसवाल्याच्या मशीनवर छापून आणा आणि त्याच पीडीएफमधला मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकून बघा. छापील पानावर ऱ्या तुटला तर ते सॉफ्टवेअर, मग ते फुकट असो की महागडं, पुस्तकाच्या कामाला घेऊ नका. नोटपॅडमध्ये अक्षरं थोडी पुढेमागे झाली तर चालेल, पीडीएफमध्ये तसं होतं, पण डॉलर आणि टक्के दिसले तर तुमच्याकडे चुकून जुनाच फॉन्ट आलाय.