नवऱ्याला न सांगता कर्ज फेडायचंय. कायदा कुठवर साथ देतो?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. हाती २६ हजार येतात. दोन वर्षांमागं वडिलांची बायपास झाली, तेव्हा सासरी कुणाला न सांगता कर्ज काढलं. बँकेचे १ लाख ४० हजार राहिलेत, हप्ता ५,२००. पतसंस्थेचे ६० हजार, हप्ता ३,०००. जामीन माझ्यासोबतची सिस्टर आहे. एका सावकाराकडून ५० हजार शेकडा पाचनं घेतले. २० महिने झाले, महिन्याला अडीच हजार व्याज देते, मुद्दल तसंच. त्याच्याकडं माझे सही केलेले दोन कोरे चेक आहेत. मोबाइलच्या ॲपवरून १२ हजार घेतले होते, ४,८०० फेडले. आता ते १५ हजार मागतात आणि फोनमधल्या सगळ्या नंबरांना मेसेज टाकू म्हणतात. घरात मला १२ हजार द्यावे लागतात. एक एजंट म्हणतो, सगळं मिळून ३ लाखांचं एकच कर्ज करून देतो, नवऱ्याची सही लागेल, ती तुम्हीच करा, कोण बघतंय. नवरा मारझोड करत नाही, पण हे कळलं तर सासूबाई माहेरचा उद्धार करतील आणि वडिलांना ते सोसणार नाही. कुणाला न कळता हे फिटेल का? नवऱ्यापासून लपवणं गुन्हा आहे का?

उत्तर : ताई, गुन्हा नाही. तुम्ही कमावत्या आणि सज्ञान आहात, कर्ज तुमच्या नावावर आहे आणि ते तुम्ही बापाचा जीव वाचवायला काढलंय. बायकोनं काढलेलं प्रत्येक कर्ज नवऱ्याला सांगितलंच पाहिजे असा कायदा नाही. त्याची सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नसेल तर बँक त्याच्याकडे हप्ता मागू शकत नाही आणि तुमच्या खात्याची माहितीही त्याला देऊ शकत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं आहे. मंगळसूत्र घातलं म्हणून तो हक्क सुटत नाही.

आता त्या एजंटाचं. त्याचा नंबर ब्लॉक करा. आतापर्यंत तुमच्या हातून एकही गुन्हा घडलेला नाही. नवऱ्याची सही तुम्ही केलीत तर घडेल. फसवणुकीसाठी बनावट दस्त करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय ज्या नवऱ्याला यातून बाहेर ठेवायचं म्हणून तुम्ही दोन वर्षं धडपडताय, तोच ३ लाखांचा कर्जदार होऊन बसेल. एजंट आपलं कमिशन घेऊन मोकळा, आणि हस्ताक्षर तज्ज्ञापुढे उभं राहायचं तुम्हाला.

‘कुणाला न कळता’ याचं उत्तर मात्र सरळ हो असं नाही. हप्ते वेळेवर जात असतील तोवर तुमचं गुपित तुमच्या हातात आहे. हप्ता तुटला की कागद निघतात, आणि कागद घराच्या पत्त्यावर येतात. चेक परत गेला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवतो, पैसे द्यायला तुम्हाला १५ दिवस मिळतात, त्यानंतर महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, फिर्याद दाखल होऊ शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड आहे. बँकेचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल आणि शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तरी तशीच फिर्याद होऊ शकते. पुढे समन्स येतं. पूर्वी फौजदारी समन्स माणूस घरी नसेल तर घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देत. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे ते घरातल्या कोणत्याही सज्ञान माणसाकडे देता येतं. म्हणजे तुम्ही ड्यूटीवर असाल आणि दारात सासूबाई असतील, तर सही त्या करतील.

पाकीट न घेणं हा उपाय नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. पोस्टमन तीनदा आला, तिन्हीदा त्यांनी आतून कडी लावली. पाकिटावर लाल शाईत शेरा पडला, ‘घेण्यास नकार’. ते पाकीट जसंच्या तसं कोर्टात दाखल झालं आणि नोटीस मिळाली असंच धरलं गेलं. आत काय लिहिलंय हे त्यांना कोर्टातच पहिल्यांदा कळलं, तोवर ते १५ दिवस कधीच सरले होते. उघडून वाचलं असतं तर तेवढी रक्कम त्या जुळवू शकल्या असत्या, आजही मला त्याचं वाईट वाटतं. तुमच्या नावाचं पाकीट आलं तर घ्या.

म्हणून तुमच्या देण्यांचा क्रम मी व्याजाच्या दरावर लावणार नाही. कोणतं देणं कोर्टाचा किंवा वसुलीचा कागद आधी दारात आणू शकतं, त्यावर लावतो. तसं पाहिलं तर सगळ्यात धोक्याचे आहेत ते दोन कोरे चेक.

सही करून आपल्या हातानं दिलेला कोरा चेक समोरच्यानं नंतर भरला, तरी तो देण्यापोटीच दिला होता असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. बँकेला ‘पेमेंट थांबवा’ लिहून दिलं की सुटलो, असं बरेच जण समजतात. तसं होत नाही, १३८ तरीही लागू शकतं. आज एक करा, चेकबुकचे अर्धुक काढून गेलेल्या दोन चेकचे नंबर लिहून ठेवा.

पण सावकारापुढे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे ५० हजारांवर महिन्याला ७५० रुपये. वीस महिन्यांचे झाले १५ हजार. तुम्ही दिलेत ५० हजार. वरचे ३५ हजार मुद्दलात धरले तर उरतात १५ हजार, आणि घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर दहा हजारांच्याही आत. परवाना नसेल तर सावकारीचा धंदा करणं हाच गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि विनापरवाना सावकाराच्या बाजूनं कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देऊ शकत नाही. चेकची फिर्याद मात्र वेगळी. तिथे हा मुद्दा बचावात मांडावा लागतो, फिर्यादीकडे पाठ फिरवून चालत नाही.

तेव्हा पुढच्या महिन्यापासून ‘व्याज’ म्हणून रोख एक रुपया देऊ नका. अडीच हजार द्या, पण खात्यातून किंवा यूपीआयनं, आणि नोंदीत लिहा ‘मुद्दलापोटी’. मागचे वीस महिने रोख गेलेत ना? मग त्याच्या वहीत तुमच्या नावापुढे काय लिहिलंय त्याचा फोटो मिळतो का पाहा, आणि स्वतः तारखेनिशी यादी करा; ड्यूटीच्या रजिस्टरवरून पगाराच्या तारखा आठवतील. मग त्याच्यासमोर १५ हजारांचा हिशेब ठेवा, चेक परत घेण्याच्या अटीवर. त्यानं ऐकलं नाही तर तालुक्याला सहाय्यक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार देता येते. सावकारीचे निबंधक तेच. तक्रार केली की चौकशी होईल, जबाब होईल, आणि सावकाराला तुमचं नाव कळेल. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. माझ्या अनुभवात तक्रारीचा मसुदा हातात असला की बोलणीच बऱ्याचदा मार्गी लागतात.

ॲपवाल्यांची धमकी आवाजानं मोठी, कायद्यानं पोकळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला तुमची फोनबुक, कॉलची यादी, फोटो यांना हात लावायची परवानगीच नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांच्या, मित्रांच्या खासगीपणात शिरायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावलंय. कर्ज देताना त्यांनी ‘मुख्य तथ्य विवरण’ नावाचा कागद दिला असेल, तो ईमेलमध्ये शोधा. त्यात नसलेला आकार ते लावू शकत नाहीत. त्यात एकूण परतफेड १२ हजारच असेल तर तुमचं देणं ७,२०० आहे, १५ हजार नव्हे. ॲपच्या मागे रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेली कोणती संस्था आहे ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपची यादी आहे. संस्था खरी असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट. संस्थाच सापडत नसेल तर पैसे पाठवू नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा. धमक्यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, फोनबुकची परवानगी काढा, ॲप त्यानंतर काढून टाका.

आता महिन्याचा हिशेब. २६ हजारांतून घराचे १२ गेले, राहिले १४. बँक आणि पतसंस्थेचे ८,२०० पगार झाला त्याच दिवशी बाजूला, शक्यतो वेगळ्या खात्यात. राहिले ५,८००. एसटी, मोबाइल, औषधपाणी यांना १,५००. त्याहून कमी धरू नका, नाहीतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा हातउसने मागाल. उरलेल्या ४,३०० पैकी सावकाराला २,५००, ॲपला १,८००. चार महिन्यांत ॲप संपतं. पुढच्या दोन महिन्यांत सावकाराचे उरलेले पाच हजार. सहा महिन्यांनी ४,३०० दरमहा मोकळे होतात, ते पतसंस्थेत भरा. आजपासून वर्ष-सव्वा वर्षात तीही फिटते. महालक्ष्म्यांच्या महिन्यात घरात जास्त द्यावे लागतील, तेव्हा सावकाराच्या हप्त्याला कात्री लावा, पतसंस्थेच्या नको.

पतसंस्थेला मी इतकं का जपतोय? तिच्या वसुलीला दिवाणी दावा लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, आणि पगारातून कपात करायचं संमतिपत्र तुम्ही दिलं असेल तर पत्र थेट दवाखान्याच्या ऑफिसात जातं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्था आधी तिच्या पगारालाही हात घालू शकते. त्या सिस्टरनं तुमच्या शब्दावर सही केलीय. तिला अंधारात ठेवू नका. नवऱ्यापासून तुम्ही काय झाकता हा तुमचा प्रश्न, पण तिचा पगार पणाला लागलाय. हप्ता चुकणार असं दिसलं तर ते तिला तुमच्याकडून आधी कळू द्या.

सावकार १५ हजार एकरकमी घेऊन चेक द्यायला तयार झाला, तर अंगावरचा एखादा दागिना बँकेत तारण ठेवून ते द्यायला हरकत नाही. माहेरचं आणि लग्नात तुम्हाला मिळालेलं सोनं हे स्त्रीधन आहे, त्यावर नवऱ्याचा ताबा नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये हे पुन्हा बजावलंय. तारण ठेवायला त्याची संमती लागत नाही. पण सणाला सासूबाई जो दागिना शोधतील तो ठेवू नका. आणि फक्त याच कामासाठी ठेवा.

अटकेची भीती मनात असेल तर सांगतो. चेक किंवा खात्यातून कापला जाणारा हप्ता परत जाणं वेगळं, पण नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसं स्पष्ट सांगतं.

एका दारानं मात्र हे कळेलच. उद्या दोघांच्या नावानं घराचं कर्ज काढायला गेलात तर तुमचा सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांची नोंद, टेबलावर येईल. ‘तडजोड करून मिटवलं’ असा शेरा असेल तर तो दिसेल, म्हणून बँकेचं कर्ज पूर्ण फेडून ‘बंद’ अशीच नोंद होऊ द्या. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, आत्ताच मागवून ठेवा.

नवऱ्याला सांगा, असं मी कायद्याच्या नावाखाली सांगणार नाही. तुमच्या पत्रात ‘मारझोड करत नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. भीती सासूबाईंच्या बोलण्याची असेल तर सावकार आणि ॲप फिटल्यावर, हातात पावत्या घेऊन, त्याला एकट्याला सांगण्याचा विचार करा. ४,३०० रुपयांचा हिशेब दोघांनी केला तर सोपा जातो. भीती याहून मोठी असेल, तो पगार हिसकावत असेल, तर तो कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ आहे, आणि त्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे.

वकिलाच्या फीसाठी नवीन कर्ज काढू नका. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. लातूरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. ड्यूटीच्या सुट्टीत जा, चेकचे नंबर, हप्त्यांची यादी आणि स्क्रीनशॉट सोबत न्या. सावकाराशी तडजोड ठरली तर चेक हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता पाठवू नका. आणि चेक मिळाले की रागात फाडू नका. नंबर जुळवून पाहा, आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा, फोटो काढा आणि सावकाराच्या सहीच्या पावतीला टाचून ठेवा.