'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको
तुझा मसुदा वाचला. इंग्रजी चांगलं आहे, पण 'वी विल डिस्कस अबाउट इट' यातला 'अबाउट' काढून टाक. मराठीत आपण विषया'वर' चर्चा करतो, तो 'वर' नकळत इंग्रजीत उतरतो. 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं: 'वी विल डिस्कस इट'. 'टॉक'ला मात्र 'अबाउट' हवाच. 'रिप्लाय बॅक'मधला 'बॅक'ही जादाच.

सगळ्यांत जास्त घात करतं ते शेवटचं वाक्य, 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. मीही कितीतरी वर्षं असंच लिहायचो. इथला 'टू' शब्दयोगी अव्ययासारखा वागतो, त्यामुळे पुढे नाम किंवा 'आयएनजी'वालं रूप येतं. शंका आली तर तिथे 'इट' घालून बघ. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' बरोबर बसतं ना? मग 'टू मीटिंग यू'च लिही.