त्या एका रात्रीची धास्ती

प्रश्न : पित्ताशयाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनसाठी एक रात्र रुग्णालयात राहायचं आहे. आजवर कधी अ‍ॅडमिट झाले नाही. ऑपरेशनपेक्षा त्या रात्रीचीच धास्ती वाटते. काय काय होतं?

उत्तर : मी 31 वर्षं रात्रपाळ्या केल्या, म्हणून खरं तेच सांगते. गाढ झोपेची आशा घरीच ठेवून या. ऑपरेशननंतर सुरुवातीला थोड्या थोड्या वेळाने आणि मग साधारण चार तासांनी कुणीतरी येऊन बीपी, नाडी, ताप बघणारच. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. नेलपॉलिश काढून या, गडद रंगाने आकडा चुकू शकतो.

सलाईनचा पंप मध्येच टीं-टीं करू लागतो. पुष्कळदा कोपर दुमडलेलं असतं, एवढंच. हात सरळ करा. तरी वाजला तर बेल दाबा. पंपाची बटणं मात्र आमच्यावर सोडा!

खांदा दुखला तर चक्रावू नका. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे तो दुखतो, एक-दोन दिवसांत थांबतो. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर लगेच सांगा.

आणि बाथरूमला एकट्या जाऊ नका. ‘सिस्टर, तुम्हाला कशाला त्रास,’ म्हणत निघालेल्या एका काकूंना मी दारातच सावरलं होतं; सलाईनचा स्टँड आधीच आडवा झाला होता. आधी बेल, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं.

चार्जरची वायर तेवढी लांब आणा. प्लग नेहमी खाटेच्या मागेच असतो.