सही करू नका, बाकीचं नंतर बघू

पाथर्डी फाट्याच्या दादा, तुमची पोस्ट रात्री साडेअकराला वाचली आणि माझी झोप उडाली. वार्षिक सभेत ठराव झाला की सोसायटीत कुत्रं पाळायचं नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांनी महिन्याला २,००० रुपये जादा भरायचे, लिफ्ट वापरायची नाही, आणि सेक्रेटरींनी रविवारपर्यंत हमीपत्रावर सही मागितली आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'देऊन टाकू का सही? उगाच वाद नको.' २०१८ मध्ये इंदिरानगरच्या आमच्या घरात, पोहे परतता परतता, मी ह्यांना हेच म्हणाले होते. शब्दसुद्धा हेच.

तेव्हा आधी एवढंच: सही करू नका. रविवारी नाही, सोमवारी नाही, चहा पाजून मागितली तरी नाही.

मी वकील नाही. एका बँकेत नोकरी केली, कागद वाचायची सवय आहे, एवढीच माझी पात्रता. आणि तरीही नको त्या कागदावर नीट न वाचता सही केली, हे आधीच कबूल करते. पट्टा, लस, शी उचलायला पिशवी, मनपाचा परवाना यावर लिहीत बसत नाही; ते तुम्ही करत असालच. करत नसाल तर आज करा आणि मग पुढचं वाचा.

आमचा बंड्या. फिकट सोनेरी लॅब्राडॉर, शेपटीने टीपॉयवरचे कप पाडणे हा त्याचा एकमेव गुन्हा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना कुत्र्यांची भीती. खरी भीती, नाटक नव्हे. लहानपणी गावाला चावलं होतं आणि पोटात इंजेक्शनं घेतली होती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. राग आहे तो कमिटीवर. एक दिवस तिघं घरी आले, गोड बोलले, 'वहिनी, फक्त फॉर्मॅलिटी आहे, फाईलला लावायला.' १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाईप केलेला मजकूर: 'कोणत्याही सभासदाची तक्रार आल्यास मी स्वखुशीने सात दिवसांत कुत्रा अन्यत्र हलवीन.' तीन शब्द बघा. 'कोणत्याही', 'तक्रार', 'स्वखुशीने'. तक्रार खरी की खोटी, ठरवणार कोण, यावर एक अक्षर नाही. मी सही केली. वर चहा पाजला.

पाच महिन्यांनी तक्रार आली. जिन्यात मुलांचा चेंडू बंड्याने तोंडात धरला, मूल घाबरून रडलं. ना ओरखडा, ना दात. पण कागदावर 'तक्रार' हा शब्द होता आणि माझी सही होती. सात दिवसांत बंड्या दिंडोरीला, माझ्या मावसभावाच्या द्राक्षमळ्यावर गेला. आम्हाला वाटलं, मोकळी हवा, मोकळं रान, बरंच होईल.

आता नाशिककरांनी नीट वाचावं असा भाग. द्राक्षं कुत्र्याला विष आहेत. मनुके, बेदाणे त्याहून वाईट. किती खाल्ली तर बाधतील याचा हिशेब नाही. एखादं कुत्रं घड खाऊन टुणटुणीत, दुसऱ्याची चार-सहा मण्यांत किडनी जाते. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लामुळे हे होत असावं असं आता पशुवैद्यक मानतात. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, भावाला तर नव्हतंच. तोडणीचे दिवस, वेलीखाली सडा पडलेला, आणि लॅब्राडॉर म्हणजे चालतंबोलतं पोट. पहिल्या दिवशी उलट्या. भाऊ म्हणाला, पित्त असेल. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा फोन आला. गाडीत घालून नाशिकला आणला, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली हे सांगणारा आकडा) साडेचारच्या वर. आठ दिवस सलाईन. जगला, पण पुढची दोन वर्षं वेगळं खाणं, दर दोन महिन्यांनी रक्ततपासणी आणि आवडीची शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा बंद. (तुमच्या कुत्रीने द्राक्षं खाल्ली तर उलटी व्हायची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. प्रसादातले बेदाणेसुद्धा.)

भावाला दोष देत नाही. तो कागद नसता तर बंड्या मळ्यावर गेलाच नसता.

आता मी ज्या सरकारी कार्यालयात तक्रार घेऊन गेले त्याबद्दल. कोणतं ते लिहीत नाही, नाशिकमध्ये सरकारी पाट्या भरपूर आहेत, समजून घ्या. बंड्या मळ्यावर गेला त्याच आठवड्यात मी तिथे हमीपत्राविरुद्ध अर्ज दिला. टेबलावरचे साहेब म्हणाले, 'कुत्र्याचं आमच्याकडे येत नाही, तिकडे जा.' 'तिकडे' गेले तर, 'हा सोसायटीचा वाद, इकडे कशाला आलात?' परत पहिल्याकडे. असे सहा हेलपाटे, रजा टाकून. चौथ्या महिन्यात कळलं की माझा अर्ज आवक नोंदवहीत नाहीच. मी तो साहेबांच्या हातात दिला होता, पोच घेतलीच नव्हती. बँकेत वीस वर्षं लोकांना पोचपावती देणारी बाई!

हमीपत्राखालोखाल ही माझी घोडचूक. तुम्ही काय करायचं: अर्जाच्या दोन प्रती, आवक टेबलावर द्यायच्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. 'साहेब जेवायला गेलेत' म्हणाले तर बसून राहायचं, डबा बरोबर न्यायचा. सोसायटीलाही पत्र हातात नाही, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने. व्हॉट्सॲपवर भांडू नका. तिथे तुम्ही रात्री रागात जे लिहाल ते सकाळी कोणीतरी प्रिंट काढून सभेत वाचतं.

अर्ज अडला की माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि विचारा, 'अमुक तारखेच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही केली, कोणत्या अधिकाऱ्याकडे तो किती दिवस होता?' ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'न्याय द्या' असं लिहू नका, माहिती मागा. दुसरा अर्ज पोच घेऊन दिला आणि महिन्याने त्यावर हा प्रश्न टाकला, तेव्हा कुठे फाईल हलली. पाच महिन्यांत जे झालं नाही ते दहा रुपयांत झालं.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत, अमुकच जातीचं किंवा आकाराचं कुत्रं हवं असा हट्टही धरता येत नाही. ते छापून अर्जाला जोडा. पण माझं मत सांगते, पटलं तर घ्या: ते परिपत्रक आहे, ब्रह्मास्त्र नव्हे. सेक्रेटरींच्या तोंडावर फडकवायला जाऊ नका. त्याच परिपत्रकात मालकांनाही शिस्त सांगितलीय, आणि आपली बाजू स्वच्छ असेल तरच ते उपयोगी पडतं. माझा मनपाचा परवाना त्या वर्षी नूतनीकरणाविना पडून होता. सभेत पहिला प्रश्न तोच आला आणि मी गप्प.

आणि हो, निष्काळजी मालकासाठी कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: प्राणी नीट सांभाळला नाही आणि कोणाला इजा होण्याचा धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे खालच्या काकूंना संरक्षण हवं असेल तर ते कायद्यात आहे; त्यासाठी सोसायटीने स्वतःचं न्यायालय उघडायची गरज नाही. काकूंशी मात्र बोला. आम्ही शेवटी ठरवलं की सकाळी सात ते साडेसात काकू बागेत असतात, तेव्हा बंड्या खाली उतरणार नाही. हे कमिटीशिवाय, दोघींनी जिन्यात उभं राहून ठरवलं. आधीच ठरवलं असतं तर तो कागद आलाच नसता, असं मला अजून वाटतं.

ठरावाच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मागा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. भाडेकरू असाल तर घरमालकामार्फत मागा, आणि भाडेकरारात कुत्र्याबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा. तिथे 'पाळीव प्राणी नको' असेल तर वरचं सगळं लंगडं पडतं. आमचं प्रकरण शेवटी एका ओळखीच्या वकिलांच्या दोन पानी मराठी पत्राने मिटलं. त्यांनी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊ असं लिहिलं आणि कमिटीने हमीपत्र परत केलं. पण तेच वकील मला म्हणाले, 'ताई, तुम्ही सही केली नसतीत तर माझी गरजच नव्हती. स्वखुशीने दिलं हे खोडणं सगळ्यात अवघड.'

तुमचा दुसरा प्रश्न, कुत्री १४ महिन्यांची, शेजारच्या लॅबशी जुळवून एकदा पिल्लं होऊ द्यावीत का, 'तब्येतीला चांगलं असतं' म्हणतात. कोण म्हणतं? एकदा विण झाल्याने कुत्रीची तब्येत सुधारते याला काहीही आधार नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढत्या वयाबरोबर वाढतो आणि तो जीवावर बेततो. लॅबच्या विणीत सहा-आठ पिल्लं सहज होतात. आठ घरं आहेत तयार? चांगली घरं, 'शेतावर राखणीला हवंय' वाली नव्हेत? त्यात लॅबच्या खुब्याचा आजार पिढीजात येतो. दोन वर्षांच्या आत एक्स-रेवर खात्रीने सांगता येत नाही, आणि शेजारच्या लॅबचा एक्स-रे काढलाय का, विचारून बघा. हसतील.

शिवाय विकायचा विचार असेल तर २०१७ चे श्वान प्रजनन नियम आहेत: ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी १८ महिन्यांच्या आतली चालत नाही, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, मायक्रोचिप लावायची. गंगापूर रोडच्या कॅफेबाहेर गाडीच्या डिकीतून पाच आठवड्यांची पिल्लं विकणाऱ्यांना मी 'नोंदणी दाखवा' म्हटलंय. उत्तर येतं, 'केसीआयचा पेपर आहे ना मॅडम.' केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, त्यांचा कागद हा वंशावळीचा कागद. तो ब्रीडरची सरकारी नोंदणी नव्हे. हे दोन कागद लोक इतक्या सहज एक करतात की कधी कधी वाटतं मुद्दामच करतात.

आता थोडं भडास. १२ मार्च २०२४ ला केंद्राने २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदीचं परिपत्रक काढलं, पिटबुल, रॉटवायलर वगैरे. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण संबंधितांना कोणी विचारलंच नव्हतं. तेवढ्या दिवसांत आमच्या कॉलनीतला एक रॉटवायलर 'गावाला' गेला. नेमका कुठे, कोणी सांगत नाही. जात बघून बंदी म्हणजे आडनाव बघून गुन्हेगार ठरवण्यासारखं. धरायचं तर मालकाला धरा: लस आहे का, पट्टा आहे का, परवाना आहे का. आणि छळ करणाऱ्यालाही धरा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास! नाशकात तेवढ्यात मिसळसुद्धा येत नाही. हा आकडा बदला म्हणून ओरडणारे कमी, 'कुत्रे हटवा' म्हणून ओरडणारे जास्त. असो, तुमच्या प्रश्नात हे नव्हतं.

रविवारी सेक्रेटरी आले की एवढंच म्हणा, 'ठरावाची प्रत द्या, वाचून लेखी उत्तर देतो.' हसून म्हणा. आवाज चढवू नका, कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करत असतं. 'आत्ता सही करा, बाकी सगळ्यांनी केली' म्हणाले तरी तेच वाक्य पुन्हा. हमीपत्राचा मजकूर इथे टाकला तर मी वाचते. अर्जाचा नमुनाही टाईप करून देईन, पण उद्या दुपारनंतर, सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तोवर लसीचं पुस्तक आणि परवाना एकत्र करून ठेवा आणि परवान्यावरची तारीख बघा. संपली असेल तर रविवारच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. पोच घेऊन.