व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड', तरी शरीरात दाह कसा?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमध्ये राहणाऱ्या मोठ्या भावाचं वय ४७. नऊ वर्षांपासून एचआयव्हीची गोळी चालू आहे. सुरुवातीला सीडी-४ काउंट (रक्तातल्या सीडी-४ या संरक्षक पेशींची संख्या) ११० होता, आता ४१० आहे. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) 'नॉट डिटेक्टेड'. तरी डॉक्टर म्हणाले की आतल्या आत दाह चालू असतो, हृदयाकडे लक्ष द्या. विषाणूच दिसत नाही तर हे कशामुळे? गोळी लागू पडत नाही का?

उत्तर:

गोळी लागू पडली आहे, ही शंका आधी मनातून काढून टाका. विषाणूची वाढ रोखणं हे तिचं काम आणि ते ती नीट करते आहे. डॉक्टरांचं म्हणणंही तितकंच खरं आहे.

विषाणू सीडी-४ पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशी मारतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. असं होतं खरं, पण मरणाऱ्या पेशींत अशा पेशी थोड्याच. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या टॉन्सिलवर काम करून २०१४ मध्ये दाखवलं की तिथे मरणाऱ्या सीडी-४ पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये विषाणूची वाढ झालेलीच नसते. या पेशी निवांत पडून असतात. विषाणू आत शिरून आपल्या आरएनएपासून डीएनए करायला घेतो, पण अशा पेशीत त्याला कच्चा माल पुरत नाही आणि काम अर्धवट राहतं. तो अर्धवट डीएनए आयएफआय-१६ नावाचं प्रथिन ओळखतं, त्यातून कॅस्पेस-१ हे एन्झाइम जागं होतं. मग पेशी मुकाट्याने आक्रसून मरत नाही. ती फुगते, फुटते आणि उतू गेलेल्या दुधासारखं आतलं सगळं आजूबाजूला सांडतं. त्यात आयएल-१ बीटा नावाचं संदेश देणारं प्रथिन असतं, ते दाह पेटवतं. दाहाच्या ठिकाणी आणखी सीडी-४ पेशी धावून येतात आणि त्यांचीही तीच गत होते. या मरणाला पायरॉप्टोसिस म्हणतात. पेशी मरणं आणि दाह होणं हे दोन वेगळे त्रास नव्हेत, एकातून दुसरा चालत राहतो.

गोळीमुळे हे चक्र बरंचसं थांबतं, पण आधी झालेली मोडतोड सगळी भरून येत नाही. सगळ्यात मोठी मोडतोड आतड्यात होते. संसर्गानंतर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशींचा फडशा पडतो, त्यातही अस्तर शाबूत ठेवणाऱ्या टीएच-१७ पेशींचा. रक्तातला काउंट वर आला तरी आतड्यातला त्या मानाने मागे राहतो. अस्तर थोडं झिरपतं, जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात येतात आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी त्यामुळे कायम चिडलेल्या राहतात. दाहाच्या खुणा असलेली आयएल-६ आणि सीआरपी ही रक्तातली प्रथिनं वाढतात, रक्ताचा गोठण्याकडे कल वाढून त्याची खूण असलेलं डी-डायमर चढतं. हृदयाचा संबंध इथे येतो, कारण धमन्यांच्या आतल्या थराला हा सततचा त्रास सोसत नाही.

लसीका ग्रंथींतही वर्षानुवर्षांच्या दाहाने व्रणासारखे तंतू तयार होतात. नव्या टी पेशींना (सीडी-४ पेशी याच प्रकारातल्या) जगायला आयएल-७ हे प्रथिन लागतं, ते ज्या जाळीवर मिळतं ती जाळीच विरळ होते. म्हणून ११० वर सुरुवात झालेल्या माणसाचा काउंट ८००-९०० पर्यंत सहसा जात नाही. दादांचे ४१० मला चांगले वाटतात. पुढच्या वेळी ३७० आले तरी घाबरू नका. दिवसाची वेळ, साधा ताप, प्रयोगशाळा यानेही एवढा फरक पडतो.

शिवाय काही सीडी-४ पेशींच्या डीएनएमध्ये विषाणू दडून बसलेला असतो. हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, आणि गोळी त्याला हात लावू शकत नाही.

म्हणूनच 'आता रिपोर्ट चांगला आहे, थोडे दिवस गोळी थांबवू' हा विचार घातक आहे. स्मार्ट नावाच्या मोठ्या चाचणीत काउंट ३५० च्या वर गेला की औषध थांबवून २५० च्या खाली आल्यावर पुन्हा सुरू करून पाहिलं होतं. २००६ चे निष्कर्ष असे की औषध थांबवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि हृदय, मूत्रपिंड, यकृताचे विकारही जास्त. थांबवल्यावर महिन्याभरातच आयएल-६ आणि डी-डायमर चढले होते.

आता करायचं काय ते. गोळी बहुधा टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची एकत्र असेल, पाकिटावर बघा. डोल्युटेग्राविरची एक खोड आहे: मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह यांना ते चिकटतं आणि रक्तात नीट उतरत नाही. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री खाऊन आल्यावर डायजिन किंवा जेलुसिल घ्यायची सवय इंदूरात घरोघरी. गोळी अशा अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम वा लोहाची गोळी मात्र जेवणाबरोबर असेल तर दोन्ही एकत्र चालतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण डोल्युटेग्राविरमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते आणि दिवसाची मात्रा सहसा १००० मिलिग्रॅमवर थांबवतात.

हृदयासाठी बीपी, साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) वर्षातून एकदा कराच. स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाबद्दल, डॉक्टरांना आवर्जून विचारा. २०२३ मध्ये आलेल्या रिप्रीव्ह चाचणीत एचआयव्ही असलेल्या ४० ते ७५ वयाच्या, हृदयविकाराचा धोका फारसा नसलेल्या लोकांना रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन दिलं, तेव्हा हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. दादा याच वयात बसतात. ते विडी-सिगारेट ओढत असतील तर सगळ्यात आधी ती सोडवा; उपचार नीट चालू असलेल्या माणसाचं आयुष्य एचआयव्हीपेक्षा सिगारेट जास्त खाते.

सीआरपी किंवा आयएल-६ दर महिन्याला तपासण्यात पैसे घालू नका, त्या आकड्यांवरून उपचार बदलत नाहीत. आणि 'इम्युनिटी बूस्टर' पावडरी, काढे कृपा करून आणू नका. इथे प्रतिकारशक्ती थंड पडलेली नाही, ती विनाकारण तापलेली आहे. तिला आणखी चेतवून मिळणार काय? काही काढ्यांचा भार यकृतावर पडतो तो वेगळाच.

व्हायरल लोड वर्षातून एकदा होतो, ती तारीख चुकवू नका. इंदूरच्या एमवाय रुग्णालयातल्या एआरटी सेंटरला (एचआयव्ही उपचार केंद्राला) जात असाल किंवा दुसऱ्या, प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारतात. 'काही नाही' म्हणून टाळू नका. आपल्याकडे टीबी अजून भरपूर आहे. टीबी निघालाच तर त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असताना डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं, म्हणून टीबीच्या डॉक्टरांना एचआयव्हीच्या गोळीचं पाकीट दाखवा.