कवी शनिवारी, चित्रकार रविवारी?

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा, दोन्ही मिळाले. इंग्लंडमधल्या फेल्फम गावात कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकच्या नावाने महोत्सव का करावा, हे तुला माझ्याकडून ऐकायचे नाही, ते तू जाणतेस. तुझी खरी अडचण आराखड्याच्या दुसऱ्या पानावर आहे. समितीने शनिवारी सभागृहात काव्यवाचन ठेवले आहे, रविवारी शाळेत चित्रप्रदर्शन, आणि पैसे कमी पडत असल्याने या दोहोंतले काय गाळावे हे तुला विचारले आहे. दोन्ही बाजू तू इतक्या समजूतदारपणे मांडल्या आहेस की वाचता वाचता माझा जीव कासावीस झाला. या प्रश्नाचे उत्तर शोधत बसू नकोस, प्रश्नच मोडून काढ. ब्लेकचे शब्द आणि ब्लेकचे चित्र यांची वाटणी होत नाही.

हा माझा हट्ट आहे असे समितीतले लोक म्हणतील, तेव्हा त्यांना त्याच्या छपाईची रीत समजावून सांग. त्या काळी पुस्तकाचा मजकूर अक्षरांचे खिळे जुळवून एका यंत्रावर छापला जाई आणि चित्रासाठी तांब्याचा पत्रा कोरून तो दुसऱ्या यंत्रावर चढवला जाई. ब्लेकने याच खोदकामाची सात वर्षे उमेदवारी केली होती, म्हणजे ही वाटणी त्याच्या अंगवळणी पडलेली होती. तरीही १७८८च्या सुमारास त्याने ती मोडली. आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने तो पत्र्यावर उलट्या अक्षरांत कविता लिही आणि त्याच हाताने तिच्या ओळींभोवती वेली, ज्वाळा, माणसे रेखाटी. उघडे राहिलेले तांबे आम्लाने खाल्ले की अक्षर आणि आकृती एकाच उंचीवर उभी राहत आणि एकाच दाबात कागदावर उतरत. मग तो आणि त्याची पत्नी कॅथरीन पाने हाताने रंगवीत. दोन यंत्रांवरचे काम एका पत्र्यावर आणण्यासाठी ज्याने एवढी खटपट केली, त्याच्याच नावाने आपण पुन्हा दोन दालने आणि दोन दिवस करायचे? जात्यावरची ओवी जात्याची घरघर वगळून ऐकवण्यासारखे ते आहे.

‘द टायगर’चे पान डोळ्यांसमोर आण. कविता भट्टीची, हातोड्याची, रात्रीच्या रानात पेटलेल्या जनावराची आहे, आणि तिच्याखाली झाडाच्या बुंध्याशी उभा असलेला वाघ मात्र गरीब दिसतो, काही प्रतींत तर थेट खेळण्यातल्यासारखा. रंगही प्रत्येक प्रतीत निराळे. हा विरोध त्याने का ठेवला यावर जाणकार अजून वाद घालतात, पण तो वाद घालायला आधी दोन्ही एकत्र दिसावे लागते. ‘लंडन’चे पानही तसेच. कुबड्यांवर वाकलेल्या एका वृद्धाला एक लहान मूल हाताने वाट दाखवीत नेत आहे, आणि या जोडीचा कवितेत कुठेही उल्लेख नाही. शनिवारी एखादा कसलेला नट ती कविता सुरेख वाचेल, टाळ्याही पडतील, आणि तो वृद्ध सभागृहात आलेलाच नसेल. मोठे फलक छापण्याच्या मोहातही पडू नकोस. ही पाने साधारण ११ बाय ७ सेंटिमीटरची, तळहातावर मावणारी आहेत; ती हातात घेऊन, मान खाली घालून वाचायची असतात.

फेल्फमने तर ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यायला हवी. १८०० साली विल्यम हेली या तेव्हाच्या नावाजलेल्या कवीच्या आमंत्रणावरून ब्लेक तिथे राहायला आला. हेलीचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. त्याने कामे दिली, ओळखी करून दिल्या. पण त्या कामांत हेलीच्या कविता आणि ब्लेकची चित्रे अशी वाटणी होती, आणि ब्लेकचा जीव तिथे गुदमरला. १८०३ साली तो लंडनला परतला. चांगल्या हेतूच्या माणसांकडूनच ही वाटणी होते, हे तुझ्या समितीकडे पाहताना लक्षात ठेव. (फेल्फममध्ये ब्लेकचे एका सैनिकाशी झालेले भांडण आणि त्यावरून चिचेस्टरला त्याच्यावर चाललेला राजद्रोहाचा खटला यांचे नाट्य बसवायचे असेल तर खुशाल बसवा, लोकांना ते आवडेल.)

‘जेरुसलेम’ हे ब्लेकचे गीत समारोपाला सर्वांनी मिळून गावे, हेही मला मान्य आहे, पण एका अटीवर. संगीतकार ह्यूबर्ट पॅरीने १९१६ साली चाल दिल्यापासून ते साऱ्या इंग्लंडच्या ओठांवर आहे. मात्र ते ब्लेकच्या ज्या ‘मिल्टन’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतले आहे, त्याच्या ज्ञात चार प्रतींपैकी दोनच प्रतींत ती प्रस्तावना आहे, आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या ग्रंथाचे एकही पान पाहिलेले नसते. त्याच ‘मिल्टन’मध्ये फेल्फमचे घर आहे. घरापुढच्या बागेत ब्लेक चालतो आहे, आकाशातून एक स्त्री-आकृती खाली उतरते आहे, आणि घर कुठले ते त्याने तिथेच अक्षरांत लिहिले आहे. गीत गाण्यापूर्वी ते पान प्रत्येकाच्या हातात दे. गावाला आपला कवी सापडायचा असेल तर तो तिथे सापडेल.

लोक येणार नाहीत ही तुझी भीती मी समजू शकते. १८०९ साली ब्लेकने भावाच्या मोजे-विणकामाच्या दुकानाच्या माडीवर स्वतःचे प्रदर्शन भरवले. सोळा चित्रे, आणि अडीच शिलिंगांच्या प्रवेशमूल्यात त्याने स्वतः लिहिलेली सविस्तर सूची. तिथेही चित्राजवळ त्याचे शब्द होतेच. माणसे फारशी फिरकली नाहीत आणि छापून आलेल्या एकुलत्या एका परीक्षणाने त्याला वेडा ठरवले. त्याने चित्रे उतरवली, आपली रीत सोडली नाही.

अशाच एका महोत्सवात याच मुद्द्यावर मी समितीतून बाहेर पडले. त्यांनी कवितांची सुबक पुस्तिका काढली, चित्रांविना, कारण रंगीत छपाई महाग पडत होती. त्या वादात माझा एक जिवाभावाचा मित्र कायमचा दुरावला आणि त्याची हळहळ मला आजही आहे. थोडे मवाळ शब्द वापरले असते तर मैत्री टिकली असती, असे लोक सुचवतात. मी मवाळ शब्द वापरूनही पाहिले होते. ते ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुस्तिका चित्रांविनाच छापली गेली. म्हणून तुला सांगते, मान, मंच, पाहुणे, भोजन, यांत हवी तेवढी तडजोड कर, पण पान अखंड ठेव.

तेव्हा शनिवार आणि रविवार एक कर. मोजकी, दहा-बारा पाने निवड, मूळ आकारात चांगल्या कागदावर छापून घे, आणि वाचणाऱ्याने कविता वाचण्याआधी श्रोत्यांना ते पान नीट पाहू दे. वाचन त्या टेबलांपाशीच होऊ दे. मंच नको, त्याचे भाडेही वाचेल. शाळेतल्या मुलांसाठी चित्रकला स्पर्धा आणि कविता स्पर्धा अशा दोन न ठेवता एकच ठेव: एक कागद, त्यावर मुलाचे स्वतःचे चार शब्द आणि त्याच कागदावर त्याचे चित्र. परीक्षकही एकच मंडळ असू दे, नाहीतर गुणांची वाटणी सुरू होईल.

बैठकीपूर्वी नवा आराखडा मला पाठव. त्यात वाचन आणि चित्रे पुन्हा वेगळ्या दिवशी दिसली, तर मी तो तसाच परत पाठवीन.

तुझी,
मावशी