सप्लाय चेन नव्याने आखताय? आधी एवढंच बघा

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते सध्या बाजूला ठेवा. आधी कस्टमरला नक्की काय हवंय ते विचारा, कारण सगळ्यांना सगळं उद्याच नको असतं, कुणाला थोडा उशीर चालतो पण दिलेली तारीख पाळलेली हवी असते आणि कुणाचं मशीनच पार्टवाचून बंद पडलेलं असतं. हे गट वेगळे केलेत की स्टॉक कुठे, किती ठेवायचा हे बरंचसं सुटतं.

नवीन लोक इथे चुकतात:

- दोन सप्लायर धरले म्हणजे झालं असं वाटणं. दोघंही कच्चा माल एकाच कारखान्यातून उचलत असतील तर काय उपयोग? सरळ विचारा त्यांना.
- सगळ्याच वस्तूंचा जादा स्टॉक. पैसा अडकतो हो! टोयोटाने जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर सगळ्याचा साठा न करता लवकर न मिळणारे पार्ट हुडकले, सप्लायरना गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला, म्हणून 2021 च्या चिप्सच्या टंचाईत सुरुवातीला तरी ते इतरांपेक्षा बरेच तगले.
- फक्त सरासरी लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंतचे दिवस) बघणं. सरासरी 20 दिवस, पण माल कधी 12 व्या तर कधी 35 व्या दिवशी येतो, मग सेफ्टी स्टॉक (अडचणीसाठी बाजूला ठेवलेला जादा माल) ठरवताना हा चढउतार धरायलाच हवा.

सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर सप्लाय चेनची चाचणी घेणं) वगैरे नंतर बघू, आधी मोजक्या महत्त्वाच्या वस्तूंवर हे करून बघा, जमेल तुम्हाला. आणि उशीर होणार हे कळलं की त्याच दिवशी कस्टमरला फोन करून नवी तारीख सांगा, म्हणजे त्याला दुसरी सोय करता येते.